अडॉप्ट, अडॅप्ट आणि चार बोटं माया

शिवणकामात मी दत्तक आहे, असं मी लिहून दिलं होतं. माझ्या हातानं, निळ्या शाईनं, एकही खाडाखोड न करता. कचेरीतल्या फाईलवाल्या बाईंनी ते वाक्य आधी मनात वाचलं, मग चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी नेला, पुन्हा वाचलं, आणि त्यांना हसू आवरेना. वाईट हसू नव्हतं ते. टाचणी टोचल्यावर आपण जसे एकदम सरळ बसतो तशा त्या बसल्या, तोंडावर हात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कुणी दत्तक घेतलंय?" मी म्हटलं, "मला? या वयात कोण घेतंय?" त्या म्हणाल्या, "इथे तसंच लिहिलंय. आय ॲम अडॉप्ट इन स्टिचिंग. तुम्हाला अडेप्ट म्हणायचं होतं ना? म्हणजे निष्णात?" मी मान हलवली. निष्णात हा शब्दही मला जरा जडच होता, पण तो निदान आपल्या भाषेतला होता.

मग त्यांनी लाल पेन उघडलं आणि त्यांचं हसू थोडं थोडं मिटत गेलं. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की मी माझ्या मुलीला ती सहा वर्षांची असताना घेतलं. निदान मला तसं लिहायचं होतं. कागदावर मात्र अडॅप्टेड झालं होतं. बाई म्हणाल्या, "याचा अर्थ होतो, तुम्ही मुलीला बदललंत. आपल्या सोयीनं करून घेतलंत." दुसऱ्या ओळीत मी तिची अडॉप्टेड मदर होते. "म्हणजे घेतलेली आई. घेणाऱ्या आईला अडॉप्टिव्ह म्हणतात. डी आला की घेतलेलं, व्ह आला की घेणारं." एका पानावर तीन लाल गोल. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र, आणि त्याला तीन बटणं लावून मिळाली.

बाई मनानं चांगल्या. लेकीचं आणि जावयाचं घर बघायला दोनदा आल्या होत्या, त्यामुळे त्यांना आमची सवय झाली होती. लेक आणि जावई एक मुलगी दत्तक घेणार होते. साडेचार वर्षांची. पाच भेटी झाल्या होत्या, तिच्या खोलीला रंग लावून झाला होता, कपड्याची खुंटी तिच्या हाताला येईल एवढी खाली आणून झाली होती. जावई लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्यानं ती खुंटी अशी बसवली होती की तिला उद्या दोन माणसं लोंबकळली तरी हलणार नाही. राहिलं होतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, म्हणजे माझं. परवा, गुरुवारी दत्तक समिती बसायची होती. "हे असंच पुढे गेलं," बाई म्हणाल्या, "तर अध्यक्षबाई विचारणार, आजीनं मुलीला बदललं म्हणजे नेमकं काय केलं. त्या एकेका शब्दावर अडतात. फाईल पुढच्या बैठकीला जाईल, आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी. उद्या बाराच्या आत नवं आणून द्या. लेकीकडूनच लिहून घ्या ना. खाली तुमची सही बास." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, "अंगठाही चालतो हं, आजी."

अंगठा. मी जिना उतरले तेव्हा माझा उजवा अंगठा मुठीत धरूनच उतरले. पत्र मला आपल्या भाषेत लिहिता आलं असतं. पण वर सगळं इंग्रजीत चालतं, म्हणजे माझ्या पत्राचं भाषांतर झालं असतं, आणि त्या लहान मुलीच्या आणि माझ्या मध्ये एक न पाहिलेला माणूस येऊन बसला असता. तो मला नको होता. म्हणून महिनाभर दुपारी, लेक जेवायला घरी गेली की, बटणांच्या खणातून वही काढून मी एकेक वाक्य शिवत होते. दत्तक घेण्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा तिच्या ओठांत सहा टाचण्या होत्या. टाचण्या धरलेल्या तोंडातून अडॉप्ट आला की अडॅप्ट आला की अडेप्ट, हे देवालाही कळलं नसतं. शब्दकोशात बघितलं तर तिथे तिघेही निघाले, एकाच आईची तिळी पोरं असावीत तसे. मी प्रत्येकाला एकेक वाक्य वाटून टाकलं. कुणाला राग नको.

रस्त्यात चालताना ते तिघं माझ्या पावलांत आले. अडॉप्ट, अडॅप्ट, अडेप्ट. डावं, उजवं, डावं. दुरुस्तीला काढलेल्या रस्त्यावरून फळ्या टाकल्या होत्या, त्यांच्यावरून जाताना मी तोंडानं मोठ्यानं म्हणत होते हे मला समोरून येणाऱ्या माणसानं वाट सोडली तेव्हा कळलं. अडॅप्टपाशी दर वेळी पाय अडखळे. निष्णातची चूक हसण्यावारी जाते. घेणारी आणि घेतलेली, तीही जाते. पण मी मुलीला बदललं, हे लाल शाईत वाचल्यावर असं वाटलं की चूक माझी नाही, हात आपोआप खरं लिहून बसला. आपल्याला जे कबूल करायचं नसतं ते टाके कबूल करतात. उलट्या बाजूनं बघितलं की शिवणाऱ्याची सगळी घाई दिसते.

आमच्या दुकानाची पाटी आहे, 'येथे कपडे मापात करून मिळतील'. आम्ही नवीन फार शिवत नाही. लोकांचे झालेले कपडे आम्ही त्यांच्या अंगाला आणतो. कुणी वाळलेलं असतं, कुणी सुटलेलं असतं, कुणाला भावाचा कोट आलेला असतो. दुकान पूर्वी मास्तरांचं होतं. मी त्यांच्याकडे काजं करायला लागले तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. गिऱ्हाईकाचं माप मी डोक्यात ठेवायची, आणि कपड्याच्या आत रंगीत दोऱ्याच्या गाठी मारायची. दोन लाल म्हणजे कंबर, एक निळी म्हणजे बाही. मास्तर म्हणायचे, "हिचं हिशेबाचं पुस्तक सगळं गिऱ्हाइकांच्या अंगावर फिरतंय." आता मास्तर नाहीत. त्यांचं लाकडी टेबल आहे, दोन माणसं समोरासमोर बसून काम करतील एवढं रुंद. एका बाजूला मी बसते, दुसऱ्या बाजूला लेक. बत्तीस वर्षं आम्ही एकमेकींना टेबलापलीकडूनच बघत आलोय.

"झिपा आणायला गेलीस ना?" मी आत शिरताच तिनं विचारलं. "मग कुठायत?"

"मिळाल्या नाहीत."

"सगळ्या शहरात झिपा संपल्या?"

"मला हव्या तशा नव्हत्या."

"हो का. तुला हव्या तशा झिपा अजून जन्मायच्यात." आणि ती कात्री उचलून कामाला लागली. डाव्या हातानं. तिची कात्री डाव्या हाताचीच आहे, पाती उलट बसवलेली. दुसऱ्या कुणी धरली तर कापड चावते, कापत नाही. मी पत्र बटणांच्या खणात टाकलं, एका सुटाची बाही उसवायला घेतली, आणि तिचा हात बघत बसले. तिला आम्ही बॉबिन म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी राहत नसे आणि जिथे जाईल तिथे मागे दोरा सोडून जाई. आज अडतीस वर्षांची आहे आणि अजून बॉबिनच आहे. तिचा डावा हात कापडावरून असा जातो की बघणाऱ्याचा श्वास संथ होतो. आणि हाच हात मी बांधला होता.

आठ दिवस. ती माझ्याकडे येऊन तीन-चार महिने झाले असतील. मशीन उजव्या हाताचं, कात्री उजव्या हाताची, शाळेतला बाक उजव्या हाताचा, आणि पोर सगळं डावीनं करणार. लोक म्हणाले, वेळीच वळण लाव. मी माप घ्यायची टेप घेतली आणि तिच्या डाव्या हाताला मऊच गुंडाळली. मऊच, हे मी स्वतःला तेव्हाही सांगत होते. ती रडली नाही. ती त्या टेपवरचे आकडे वाचत बसायची. आठव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी आपल्या खुर्चीतून उठून, कुणाला काही न विचारता, ती टेप सोडवली, गुंडाळून खिशात घातली, आणि मला म्हणाले, "बाई, टेप माप घ्यायला असते." बास, एवढंच. पंधरवड्यानं त्यांनी कुठून तरी शोधून ती डावी कात्री आणली. पोरीनं ती हातात घेतली, हवेतच दोनदा कापली, आणि इतकी हसली की काउंटरवरचं गिऱ्हाईकही हसायला लागलं. मला त्या हसण्याचा आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकाच टाक्यात. ते मग कधी वेगळं करता आलं नाही. आता ते वेगळं करून, लाल गोलात घालून, कुणीतरी माझ्या हातात दिलं होतं. आजीनं मुलीला बदललं म्हणजे नेमकं काय केलं?

तिची आई माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. हे दुकानात येण्याआधीचं, आम्ही दोघी कारखान्यात होतो तेव्हाचं. बोलायची कमी, गुणगुणायची जास्त. तिच्या शिवणीत मात्र एक खोड होती, मुकादम तिला त्यावरून बोलायचा. ती माया फार ठेवायची. शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा दुमडून राहतो त्याला आम्ही शिंपी लोक माया म्हणतो. पुढे माणूस वाढला, सुटला, तर शिवण उसवून तेवढा कपडा बाहेर काढता येतो. कारखान्याला माया परवडत नाही, ते अर्ध्या बोटावर कापतात. ही दोन बोटं ठेवणार. मुकादम ओरडायचा, ही म्हणायची, "अंगात घालणारा काय तेवढाच राहणारे?" मग ती आजारी पडली, आणि फार लवकर सगळं झालं. तिच्या खोलीवर आम्ही सगळ्या जमलो तेव्हा पोरीचं काय, यावर बायका हळू आवाजात बोलत होत्या. कुणाला तीन होती, कुणाची सासू होती. मी एकटी. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मूल नाही, अक्षर नाही. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं आणि मीही मान वर करत नव्हते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ती पोर एका मावशीचं बोट धरून आली. सगळ्या मशीनांमधून चालत माझ्यापाशी आली, आपले बूट काढले, आणि नीट जोडून माझ्या मशीनखाली, माझ्या बुटांशेजारी ठेवले. मग पायडलाजवळ मांडी घालून बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी शिवत राहिले. काय करणार होते? पाय हलवला तर तिला लागला असता, म्हणून मी इतकं हळू मशीन चालवलं की त्या दिवशी माझे निम्मे नग राहिले. कागद नंतर झाले, कितीतरी नंतर. मास्तरांनी सगळे पुरे करून दिले आणि मी त्यांच्यावर अंगठा उठवला.

तिच्या अंगावर आईनं शिवलेला फ्रॉक होता. करड्या रंगाचा, बारीक चौकटीचा. एका वर्षात तो तोकडा झाला. मी टाकून नवा शिवायला निघाले, पण आधी सवयीनं आतून बघितला आणि बसलेच. बाजूंना दोन-दोन बोटं, बाह्यांना दोन बोटं, खाली घेराला चार बोटं माया. चार! लहान मुलाच्या फ्रॉकला कुणी एवढी ठेवत नाही. तिच्या आईला ठाऊक असणार. मी एक बोट उसवलं. पुढच्या वर्षी आणखी एक. साडेतीन वर्षं ती पोर त्या एकाच फ्रॉकात वाढत गेली आणि मी दर वर्षी आतल्या न विटलेल्या कापडाची एक पट्टी बाहेर काढत गेले. घेराला गर्द, कमी गर्द, फिकट अशा रेघा झाल्या होत्या. शाळेतल्या मुलींना वाटायचं ती फॅशन आहे.

बाहीची शिवण कधीच उसवून झाली होती आणि मी नुसती ती हातात धरून होते. "आई," लेक म्हणाली, "त्या बाहीला तू काय विचारतेयस?"

"काही नाही."

"सकाळपासून तुझं अडॉप्ट अडॅप्ट चाललंय. मंत्र घेतलायस का?"

मी तोंडावर हात ठेवला. मग म्हटलं आता झाकून उपयोग नाही. खण ओढला आणि पत्र टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. तिनं वाचलं. पहिल्या गोलाशी तिच्या नाकपुड्या फुगल्या, दुसऱ्याशी खांदे हलायला लागले, आणि शिवणकामात दत्तक वाचलं तेव्हा तिनं ओठांतल्या टाचण्या आधी एकेक काढून उशीत खोचल्या, नीट, सगळ्या, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसली. मीही हसले. दोघी हसतोय तोवर एक गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं. "तू इंग्रजी लिहिलंस!" ती म्हणत होती. "मला न सांगता! चोर कुठली! महिनाभर मला वाटतंय हिला जेवणानंतर एकटीला झोपायचं असतं."

"फाईल अडकेल गं," मी म्हटलं. "उद्या बाराच्या आत द्यायचंय. तू लिही, मी सही करते."

"मी का लिहू? टाचण्या माझ्या, चूक माझी, पण पत्र तुझं."

"आणि ते पहिलं," मी म्हटलं. "अडॅप्ट. त्या बाई म्हणाल्या त्याचा अर्थ बदलून टाकणं. ते चुकून लिहिलं, पण खोटं आहे का? तुझा हात बांधला होता मी. आठवतं तुला?"

ती हसायची थांबली. पण चेहरा हसराच राहिला, इस्त्री काढून घेतल्यावर कापड ऊबदार राहतं तसा. "आठवतं की. आठ दिवस. त्यात तर मला शंभरपर्यंत आकडे पाठ झाले."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. आई, तू मला बदलायला गेलीस आणि तुला जमलं नाही. यात तुझी काय चूक?" तिनं डावा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून, माप द्यायला ठेवतात तसा. "आणि बदलणं म्हणजे तरी काय गं? आपण दिवसभर दुसरं काय करतो? मापात आणतो. तू फ्रॉक उसवायचीस तेव्हा मला प्रत्येक वेळी आतून दाखवायचीस. बघ, तुझ्या आईनं एवढं ठेवलंय अजून. मला वाटायचं आई संपतच नाही." मग ती एकदम उठली, पॅटर्न कापायचा खाकी कागद ओढला, खडू घेतला. "चल. शिकवणी."

ही शिकवणी जुनी. पोर शाळेत जायला लागली तेव्हा संध्याकाळी याच टेबलावर अभ्यास करायची, ती तिकडे, मी इकडे. मला वाचता येत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. ती वही दाखवायची, मी जागेवरूनच बघून म्हणायची, छान. वही फिरवून घ्यायला हवी हे माझ्या लक्षातच येत नसे. मला दोन्हीकडून तेवढंच कळायचं. एक दिवस तिनं पानभर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा काढल्या आणि वही पुढे केली. मी म्हटलं, "छान." ती सात वर्षांची होती. माझ्याकडे बघितलं, वही बघितली, आणि ती मिटून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती अक्षरं मोठी मोठी काढायला लागली आणि काढताना मोठ्यानं म्हणायला लागली, जणू स्वतःशीच. क. क कमळाचा. असा वळवायचा, मग दांडा. मी काज करता करता ऐकत होते, बघत होते. माझं वय तेव्हा पस्तीस. वर्षभरात मी वाचायला लागले. तिनं आजवर एकदाही त्यावरून मला काही म्हटलेलं नाही. फक्त एकच घोटाळा राहिला. मी सगळी अक्षरं पलीकडून शिकले, उलटी. इंग्रजी तर अजूनही मला उलटं बरं दिसतं. बारका छापील ए पलीकडून ईसारखा दिसतो आणि ई एसारखा, म्हणून अडॅप्ट आणि अडेप्ट माझ्याकडे कायमचे एकमेकांच्या घरात राहतात.

तिनं खडूनं तीन शब्द एकाखाली एक, बारक्या एबीसीडीतले पण हातभर मोठे लिहिले. माझ्याकडून उलटे. "फरक एका अक्षराचा," ती म्हणाली. "ओ, ए, ई. ओ म्हणजे?"

"बटण."

"बरोबर. बटण लागलं, माणूस घरात आला. अडॉप्ट. हा ए?"

"बटणाला टेकू दिलाय."

"टेकू दिला, म्हणजे सोय केली, मापात आणलं. अडॅप्ट. आणि ई?"

"हूक. हुकाचं काम ज्याला येतं तो पक्का कारागीर."

"अडेप्ट. तुझ्यासारखा. झालं!" ती हात झटकून म्हणाली. पण माझी नजर पहिल्या शब्दावरून हलत नव्हती. मी उलटं बघत होते, आणि तो उलटा नव्हता. मधली तीन अक्षरं सरळ होती. डी, ओ, पी. मी उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले. डी, ओ, पी. पुन्हा माझ्या बाजूला आले. डी, ओ, पी. खालच्या दोघांची तशी गत नव्हती. त्यांच्या पोटातले ए आणि ई माझ्याकडून कोलांटी खाऊन पडले होते. "काय झालं?" लेक म्हणाली. मी म्हटलं, "इकडे ये. माझ्या जागेवर बस." ती आली, बसली, बघितलं. बराच वेळ बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली. डी उलटला की पी होतो, पी उलटला की डी, आणि ओ तर काय, ओच. तिला शाळा होती, कॉलेज होतं, पण हे तिला कधी दिसलं नव्हतं, कारण ती आयुष्यभर सरळ बाजूला बसली होती.

पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. एकटीनं. ती समोर होती, पण टाचण्या तोंडात घालून होती, मुद्दाम. जावई डबा परत द्यायला आला आणि वाकून बघायला लागला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं आणि नाकातूनच हुं हुं केलं. तो म्हणाला, "आई, घाबरू नका, मी पण फॉर्ममध्ये अडॉप्टेड फादर लिहिलं होतं. पेन्सिलनं होतं म्हणून वाचलो."

बुधवारी अकराला मी बाईंच्या समोर होते. त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं आणि वाचायला लागल्या. पेनाचं टोक ओळीवरून न टेकता चाललं होतं, आणि माझा अंगठा पुन्हा मुठीत गेला होता. आय अडॉप्टेड माय डॉटर व्हेन शी वॉज सिक्स. टोक पुढे गेलं. आय ॲम हर अडॉप्टिव्ह मदर. पुढे गेलं. आय ॲम अडेप्ट इन स्टिचिंग, आय कॅन अडॅप्ट एनी ड्रेस, इफ देअर इज क्लॉथ इनसाइड. बाई जरा हसल्या, पण पेन थांबलं नाही. आणि मग सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, मी एक ओळ घातली होती जी मागच्या पत्रात नव्हती. त्या ओळीवर मात्र पेन थांबलं. तारेवर कावळा बसावा तसं बसलं.

शी अडॉप्टेड मी फर्स्ट.

"आजी," बाई म्हणाल्या, "हे..." त्यांनी पुन्हा वाचलं. चूक शोधत होत्या. शब्द तोच होता, डी तोच होता, काल ज्याच्याभोवती गोल काढला होता तो. आज तो आपल्या जागेवर होता. "तिनं तुम्हाला आधी घेतलं?"

"आधी," मी म्हटलं. "बूट ठेवले तिनं. मी नंतर."

त्यांना बुटांचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. बुटांचं सांगितलं, रेघांच्या वहीचं सांगितलं, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी टेपचंही सांगितलं. बाहेर रांगेत दोघं खोकले. बाई ऐकत राहिल्या, मग त्यांनी पेनाला टोपण घातलं. "व्याकरणात काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "काहीच चूक नाही." आणि फाईलला पत्र लावताना त्यांनी ते दोनदा आत-बाहेर केलं, भोकं नीट जुळेनात म्हणून की काय.

बाईंनी तिथेही बुटांचं सांगितलं असणार, कारण समितीनं एकच प्रश्न विचारला म्हणे, बूट कुठे आहेत. लेकीनं सांगितलं, आईच्या कपाटात, कागदात गुंडाळून.

दोन महिन्यांनी आमची धाकटी घरी आली. आल्या आल्या तिनं खुंटी बघितली, तिला लोंबकळली, आणि खुंटी हलली नाही. जावयानं चारचौघांत नाक वर केलं. तिच्यासाठी मी कोट शिवायला घेतला आहे, निळा. नवीन शिवत नाही आम्ही, पण हा शिवते आहे. बाजूंना दोन बोटं, बाह्यांना दोन, खाली चार. लेक म्हणाली, "आई, जड होईल गं." मी म्हटलं, "होऊ दे. अंगात घालणारी काय तेवढीच राहणारे?" कुणाचं वाक्य होतं ते मला आठवलं, आणि तिला ते कधी सांगितलं होतं की नाही ते आठवेना.

आज दुपारी धाकटी दुकानात होती. दोन उशा घालून टेबलापलीकडे बसली होती, लेकीच्या जागेवर. खडू हातात, उजव्या. पण थोड्या वेळानं तिनं तो डाव्यात घेतला, मग परत उजव्यात, आणि आम्ही कुणी तिला अडवलं नाही. जीभ बाहेर काढून तिनं खाकी कागदावर एक मोठा गोल काढला. सुरुवात आणि शेवट जुळायला तिला फार कष्ट पडले. मग मान वर करून मला म्हणाली, "आजी, सरळ आलंय का बघ ना."

मी सवयीनं उठले. तिच्या बाजूला जायला टेबलाला अर्धा वळसा घातला, आणि कोपऱ्याशी थांबले. "आलंय," मी तिथूनच म्हटलं. "एकदम सरळ."